टॅक्स? तो तर बाबा भरतात ना!

सोमवारी रात्री बाराच्या सुमारास आमच्या हॉस्टेलच्या ग्रुपवर मेसेज पडला, 'डेट वाढली!!!' दोन मिनिटांत अर्ध्या मुली जाग्या. सबमिशनची वाढली की इंटर्नलची, यावर जोरदार चर्चा सुरू. मग कोणीतरी स्क्रीनशॉट टाकला. वाढली होती ती इन्कम टॅक्स रिटर्न भरायची तारीख, आणि तीही फक्त एका दिवसाने. १५ सप्टेंबर २०२५ ची १६ सप्टेंबर. 'हट्, आपलं काय त्यात!' असं लिहून सगळ्या पुन्हा झोपल्या.

खरं सांगते, दोन महिन्यांपूर्वी मीही तेच लिहून झोपले असते. टॅक्स म्हणजे बाबांनी मार्चमध्ये कपाळाला हात लावून बसायचा विषय. टॅक्स म्हणजे बजेटच्या दिवशी टीव्हीवर ओरडणारी माणसं. टॅक्स म्हणजे मीम. आपण विद्यार्थी, आपल्याला कुठला आलाय टॅक्स?

पण 'आपलं काय त्यात' हे वाक्य मला यंदा सहा हजार रुपयांना पडणार होतं. तुम्हाला किती रुपयांना पडतंय, हे निदान एकदा बघा, एवढ्यासाठी हा लेख.

माझे सहा हजार

गेल्या वर्षी मी एका कंपनीत सहा महिने इंटर्नशिप केली. स्टायपेंड महिन्याला दहा हजार ठरला होता, खात्यात नऊ हजार यायचे. विचारायची लाज वाटली. पहिलीच इंटर्नशिप, त्यात पैसे मिळतायत हेच नशीब, असं म्हणून गप्प बसले. एक हजार कसले तरी 'चार्जेस' असतील, असं स्वतःलाच समजावलं.

यंदा जुलैमध्ये मैत्रिणीच्या ताईने, जी सीए फायनलची तयारी करतेय, सहज विचारलं, "तुझा टीडीएस कापला का गं?" मी म्हटलं, "तो काय असतो?" तिने माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू! मग माझ्याच लॅपटॉपवर तिने मला आयकर खात्याच्या पोर्टलवर रजिस्टर करायला लावलं. पॅन नंबर हाच युजर आयडी, आधारवर ओटीपी, झालं. २६एएस नावाचा एक फॉर्म उघडला आणि त्यात माझं नाव, कंपनीचं नाव आणि दर महिन्याचे कापलेले हजार रुपये अगदी ओळीने मांडलेले. एकूण ६,०००.

गंमत पुढे आहे. कंपनीने मला 'इंटर्न' म्हणून राबवलं, आयकर खात्याला मात्र 'प्रोफेशनल' म्हणून कळवलं होतं. त्यामुळे कलम १९४ जे खाली दहा टक्के कापले गेले. वर्षाला साठ हजार मिळवणाऱ्या माणसाला आपल्या देशात एक पैसाही इन्कम टॅक्स लागत नाही. म्हणजे हे सगळेच्या सगळे पैसे माझे होते. फक्त ते परत हवे असतील तर रिटर्न भरायला हवं होतं. न मागता कोणी आणून देणार नव्हतं.

मग रिटर्न भरायला बसले. आयटीआर-१ या फॉर्मचं दुसरं नाव 'सहज' आहे. तो मला सहज काही जमला नाही, कारण 'प्रोफेशनल' उत्पन्नाला तो चालतच नाही. दुसरा फॉर्म घ्यावा लागला. दोनदा पोर्टल अडकलं, एकदा सेशन संपलं म्हणून पुन्हा पहिल्यापासून. ताई शेजारी नसती तर मी नक्की सोडून दिलं असतं. शेवटी आधारच्या ओटीपीने व्हेरिफाय केलं. (हे ३० दिवसांच्या आत करावंच लागतं, नाहीतर भरलेलं रिटर्न भरलं असं धरत नाहीत.) काही आठवड्यांनी मोबाइलवर मेसेज आला आणि खात्यात सहा हजार जमा. आयुष्यात इतका आनंद मला दहावीच्या निकालालाही झाला नव्हता.

आता माझी तक्रार ऐका. त्याच पोर्टलवर एआयएस नावाचं दुसरं पान आहे. वार्षिक माहिती पत्रक म्हणा. २०२१ पासून ते आपल्याला बघता येतं. त्यात माझ्या सेव्हिंग अकाउंटचं व्याज होतं. मित्राच्या रेफरल कोडवरून डीमॅट उघडून घेतलेल्या एका शेअरचा डिव्हिडंडसुद्धा होता, रुपये चौदा फक्त. मी विसरले होते, सरकार विसरलं नव्हतं. ज्या यंत्रणेला माझे चौदा रुपये दिसतात, तिला माझे सहा हजार परत करायचेत हेही दिसत असणारच ना? मग ते मिळवायला मीच फॉर्मच्या मागे का धावायचं? घ्यायची वेळ आली की सगळं ऑटोमॅटिक आणि द्यायची वेळ आली की 'अर्ज करा', हे काही बरोबर नाही. फॉर्ममध्ये बरीचशी माहिती आधीच भरलेली येते हे मान्य. पण अर्धी वाट चालून आलात, तर उरलेलीही चला की!

रील म्हणते १२, चॅटबॉट म्हणतो ७

आता तुम्ही म्हणाल, यात काय एवढं, विचारून टाकायचं एआयला. मीही तेच केलं होतं. रीलवर ऐकलं, 'बारा लाखांपर्यंत टॅक्स झीरो!' चॅटबॉटला विचारलं तर तो ठामपणे म्हणाला, सात लाख. वर्गातल्या एकाने सांगितलं, 'छे, अडीच लाख, बाबा म्हणतात.' तिघेही छातीठोकपणे सांगत होते.

आणि कहर म्हणजे तिघेही आपापल्या जागी बरोबर होते! अडीच लाख ही जुन्या करप्रणालीतली मूळ सूट. सात लाख ही नव्या करप्रणालीतली २०२४-२५ या आर्थिक वर्षाची मर्यादा, आणि १६ सप्टेंबर २०२५ ला ज्याची मुदत संपली ते रिटर्न त्याच वर्षाचं. बारा लाखांची घोषणा १ फेब्रुवारी २०२५ च्या बजेटमध्ये झाली. ती १ एप्रिल २०२५ नंतरच्या कमाईला लागू, म्हणजे तिचं रिटर्न २०२६ मध्ये. रीलवाल्याने हे सांगितलं नाही, कारण तीस सेकंदांत ते बसत नाही. चॅटबॉटने सांगितलं नाही, कारण कुठल्या वर्षाबद्दल विचारतेय हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. प्रश्न अर्धवट होता, उत्तरही अर्धवटच मिळालं.

आणखी एक मेख आहे. हे 'बारा लाख' म्हणजे सगळ्या कमाईला माफी नव्हे, ठरावीक कमाईवर मिळणारी रिबेट आहे. क्रिप्टोवर नफा झाला? २०२२ पासून त्यावर सरळ ३० टक्के, मग तुमची बाकी कमाई शून्य का असेना. ऑनलाइन गेममध्ये टीम लावून जिंकलात? तिथेही ३० टक्के. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आणणारा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये झाला, पण त्याआधी जिंकलेले पैसे एआयएसमध्ये तसेच बसलेले असतील. होस्टेलच्या खोलीत ज्यांनी आयपीएलच्या वेळी हिशोब मांडले होते, त्यांनी जरा उघडून बघा.

मला टेक्नॉलॉजी आवडते, चॅटबॉट मी रोज वापरते. पण एक फरक लक्षात ठेवा. तो तुमच्या वतीने उत्तर देतो, सही मात्र तुमची असते. नोटीस आली तर 'एआयने सांगितलं होतं' हे कुठल्याही कॉलममध्ये लिहिता येत नाही. त्याला जरूर विचारा, पण आर्थिक वर्ष सांगून विचारा आणि उत्तर खात्याच्या वेबसाइटवर तपासून घ्या. 'फायनान्शियल इयर' आणि 'असेसमेंट इयर' या गोंधळाने तर भल्याभल्यांची दांडी उडते. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा. त्यात या दोन्हींच्या जागी एकच 'टॅक्स इयर' आहे. चला, एक तरी गोष्ट सोपी होतेय.

'दहा टक्के माझे'

आता जरा गंभीर विषय. आमचा एक सीनियर दादा, पास आऊट होऊन नोकरीला लागलेला. पगार वर्षाला आठ लाख. टॅक्स कापला गेला ३१ हजारांच्या आसपास. ऑफिसमधल्या कोणीतरी एका एजंटचा नंबर दिला. "पूर्ण रिफंड काढून देतो, दहा टक्के माझे." दादाने पॅन दिलं, पासवर्ड दिला, ओटीपीसुद्धा सांगितला. पैसे खरंच आले. एजंटला तीन हजार देऊन वर पार्टी झाली, आम्ही पण पिझ्झा खाल्ला.

दादाच्या नावावर काय भरलं गेलं होतं ते नंतर कळलं. एका राजकीय पक्षाला मोठी देणगी दिली म्हणे, आणि आरोग्य विम्याचा हप्ता भरला म्हणे. दादाने आयुष्यात वर्गणीच दिली असेल तर गणपतीची. यंदा खात्याकडून ईमेल आला. मग अपडेटेड रिटर्न, घेतलेले पैसे परत, त्यावर व्याज आणि वर २५ टक्के जादा कर. एजंटचा फोन अर्थातच बंद.

हा एकटा दादा नाही. १४ जुलै २०२५ ला आयकर खात्याने देशभरात १५० ठिकाणी अशा बोगस वजावटींच्या प्रकरणी तपासणी केली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी स्वतःहून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले, असंही खात्याने जाहीर केलं. ज्या राज्यांतल्या कारवाईतून हे प्रकार पुढे आले, त्यांत आपला महाराष्ट्र आहेच.

मला यात राग एजंटचा येतोच, पण आपलाही येतो. इन्स्टाचा पासवर्ड बेस्ट फ्रेंडलाही न देणारे आपण, पॅनचा पासवर्ड अनोळखी माणसाला देतो! का? तर 'ते आपल्याला कळत नाही' म्हणून. न कळण्याचं हे कमिशन आहे, दहा टक्के. आणि हो, 'तुमचा रिफंड मंजूर झाला, लिंकवर क्लिक करा' असा मेसेज येईल. क्लिक करू नका. रिफंड फक्त पोर्टलवर तपासून नोंदवलेल्या तुमच्याच बँक खात्यात येतो. त्यासाठी कोणाला ओटीपी किंवा कार्डाचा पिन सांगावा लागत नाही.

टॅक्सपेअर कोण?

आता ज्याच्यामुळे हा लेख लिहायचं ठरवलं, ते सांगते. मागे आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर शिष्यवृत्ती वेळेवर जमा होत नाही म्हणून माझ्या रूममेटने पोस्ट टाकली. खाली कमेंट आली, 'आधी टॅक्स भर, मग माग. तुम्ही लोक आमच्या टॅक्सवर शिकता.' लिहिणारा आमच्याच वर्गातला. त्याचंही शिक्षण बाबांच्याच पैशांवर चाललंय. रूममेटने पोस्ट डिलीट केली. तिला वाटलं, बरोबरच आहे त्याचं. आपल्या घरात कोणीच टॅक्स भरत नाही.

त्या रात्री आम्ही तिच्या मोबाइलचं बिल उघडलं. २९९ चा रिचार्ज. त्यात १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४५ रुपये ६१ पैसे. २८ दिवसांचा पॅक, वर्षाला तेरा वेळा मारावा लागतो. सुमारे सहाशे रुपये फक्त रिचार्जमधून सरकारजमा. मग क्लासची फी आठवली. ५९ हजार भरले होते तिने, त्यातले नऊ हजार जीएसटी. शाम्पू, टूथपेस्ट, चिप्स, मोबाइल हँडसेट, सगळं जोडत गेलो. तिच्या आई-बाबांनी घेतलेल्या फवारणीच्या पंपापासून ते घरच्या पंख्यापर्यंत. रिटर्न कोणी भरलं नसेल, टॅक्स मात्र २०१७ पासून त्या घरातला प्रत्येक जण भरतोय. आणि जीएसटीची एक खोच बघा. त्याच रिचार्जवर तिला जितका टॅक्स, तितकाच बंगल्यात राहणाऱ्याला. तिच्या खिशाला तो जास्त जड जातो.

म्हणून 'टॅक्सपेअर' या शब्दाची ही दादागिरी आपण बंद करू या. २०२५ मध्ये १५ सप्टेंबरपर्यंत ७ कोटी ३० लाखांहून जास्त रिटर्न भरली गेली, हा तोवरचा विक्रमच होता. पण उरलेला देश फुकट जगत नाही. दुकानातून बाहेर पडणारा प्रत्येक जण टॅक्स भरून बाहेर पडतो.

आणि टॅक्सवर बोलायला टॅक्स भरल्याची पावती लागत नाही, अभ्यास लागतो. पुण्यात फर्ग्युसनला शिकवणारे गोपाळ कृष्ण गोखले २६ मार्च १९०२ रोजी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात बजेटवर बोलायला उभे राहिले. सरकार शिल्लक दाखवून खूश होतं. दुष्काळ आणि प्लेगने लोक मरत असताना तिजोरीत शिल्लक राहते, याचा अर्थ लोकांकडून जास्त वसूल केलं जातंय, हे गोखल्यांनी आकडे मांडून दाखवलं आणि मिठावरचा कर कमी करा म्हणून मागणी केली. ओरडले नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. हिशोब वाचून आले होते, एवढंच. आपल्या कमेंट सेक्शनमध्ये हिशोब वाचून येणारे किती असतात?

मग करायचं काय?

फार काही नाही. येत्या शनिवारी-रविवारी तासभर काढा.

एक, पोर्टलवर जाऊन आपलं एआयएस आणि २६एएस उघडा. स्टायपेंड, फ्रीलान्स डिझाइन, व्हिडिओ एडिटिंग, ट्यूशन, कशातूनही टीडीएस कापला असेल तर तिथे दिसेल. एखादी नोंद चुकीची असेल तर तिथेच हरकत नोंदवता येते.

दोन, पैसे कापलेले दिसले आणि मुदत हुकली असेल तरी रडू नका. उशिराचं रिटर्न ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं. एकूण कमाई मूळ सूट मर्यादेच्या आत असेल तर उशिराची फी लागत नाही. पाच लाखांच्या आत असेल तर एक हजार, त्यावर पाच हजार.

तीन, पुढची इंटर्नशिप घेताना लाजू नका. 'टीडीएस कापणार का, कुठल्या कलमाखाली, सर्टिफिकेट देणार का' हे तीन प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा. पॅन द्यायला विसरू नका, नाहीतर दहाऐवजी वीस टक्के कापतात.

चौथी गोष्ट आपल्या कॉलेजांसाठी. गेस्ट लेक्चर, फेस्ट, मोटिव्हेशनल स्पीकर या सगळ्यासाठी आपल्याकडे वेळ असतो. जुलैतल्या एका शनिवारी कम्प्युटर लॅब उघडून कॉमर्सच्या मुलांनी आर्ट्स-सायन्सच्या मुलांना रिटर्न भरायला शिकवलं तर काय बिघडेल? कॉमर्सवाल्यांची प्रॅक्टिस होईल, बाकीच्यांचे पैसे परत येतील, आणि त्या 'दहा टक्के' वाल्यांचं दुकान बसेल. माझ्याकडे ताई होती. प्रत्येकाकडे ताई असतेच असं नाही.

२२ सप्टेंबर २०२५ ला घटस्थापना होती. त्याच दिवसापासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. वह्या, पेन्सिली आणि खोडरबरवरचा कर शून्य, शाम्पू, टूथपेस्ट, नूडल्स, नमकीन ५ टक्क्यांवर, जिमचाही १८ वरून ५. आमच्या ग्रुपवर त्याची मीम्स आलीयेत, मीही दोन फॉरवर्ड केलीत. पण यंदा एक काम आणखी करायचं ठरवलंय. दुकानात बिल मागायचं आणि खालची ती बारीक ओळ वाचायची. दर कमी झाला तर किंमत कमी झाली का, हे बघायचं. रूममेट पण येतेय सोबत.

आणि हो, तिने ती पोस्ट परत टाकलीय. या वेळी खाली रिचार्जच्या बिलाचा फोटो जोडून.